फूल पडेपर्यंत

डिसेंबरात ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरते. हजीरा भागात तानसेनच्या मजारीपाशी सकाळी सनई वाजते आणि तानसेन समारोह सुरू होतो. या समारोहात पहिला मान गवयाला मिळत नाही, कीर्तनकाराला मिळतो. ढोलीबुवांच्या परंपरेतले बुवा उभे राहून हरिकथा सांगतात. भाषा हिंदी असते, पण बाज आपल्याकडच्या कीर्तनाचा. बुवांची कथा आटोपली की मौलवी आणि त्यांच्यासोबतची मंडळी मीलाद म्हणतात, म्हणजे पैगंबरांचा जन्म आणि त्यांची थोरवी गातात. मग मजारीवर चादर चढते. तानपुरे जुळतात ते नंतर.

निवेदक या सगळ्याला ‘गंगा-जमुनी तहजीब’ म्हणून मोकळा होतो आणि वर्तमानपत्रंही दुसऱ्या दिवशी तेच छापतात. पण नीट पाहिलं तर इथे काही मिसळलेलं नाही. बुवा मीलाद म्हणत नाहीत आणि मौलवी हरिनाम घेत नाहीत. तरायचं तर नामस्मरणानेच, याबद्दल बुवांच्या मनात किंतु नाही. अल्लाह एक आणि मुहंमद त्याचा पैगंबर, याबद्दल मौलवींच्याही नाही. दोघांपैकी कोणी आपलं सौम्य करून सांगत नाही. एकाचं होईपर्यंत दुसरा थांबतो, एवढंच.

हे थांबणं वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे सर्रास समज असा की श्रद्धा पक्की असेल तर माणूस दुसऱ्याचं ऐकणार नाही, आणि दुसऱ्याचं मनापासून ऐकत असेल तर त्याची श्रद्धा कुठेतरी पातळ झालेली असणार. कट्टर लोक हेच म्हणतात आणि गंमत म्हणजे कट्टरांना नावं ठेवणारे पुरोगामीही मनातून हेच धरून चालतात. या शहराचा पाचशे वर्षांचा हिशेब मात्र वेगळं सांगतो. तो सगळाच काही गोड नाही.

सुरुवात तानसेनच्या शेजाऱ्यापासून करायला हवी. हजीऱ्याला जाणाऱ्याच्या नजरेत आधी भरते ती मोठी इमारत तानसेनची नव्हेच. कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज आणि चहूबाजूंनी दगडी जाळ्या असलेला तो मकबरा शेख मुहंमद गौस यांचा. तानसेन अंगणात, एका साध्या चौथऱ्यावर. गौस शत्तारी पंथाचे सूफी. चुनारच्या डोंगरात त्यांनी वर्षानुवर्षं तप केलं, बाबराच्या माणसांना ग्वाल्हेरच्या किल्ल्यात शिरकाव मिळाला तो त्यांच्या सल्ल्याने, हुमायूँच्या दरबारात त्यांचं वजन होतं. शेरशहा आल्यावर मात्र त्यांना गुजरात गाठावं लागलं.

तिथे त्यांनी एक भलतंच काम हाती घेतलं. ‘अमृतकुंड’ नावाचा हठयोगावरचा एक ग्रंथ होता. त्याचं अरबी रूप आधीपासून प्रचारात होतं. गौस यांनी तो ‘बहर-उल-हयात’ या नावाने फारसीत आणला, त्यात आसनं, श्वासाचे प्रकार, मंत्र असं सगळं घेतलं. जोग्यांकडून माहिती घेतल्याशिवाय असलं पुस्तक लिहिताच येणार नाही. पुढे शहजादा सलीम, म्हणजे नंतरचा जहांगीर, अलाहाबादेत असताना त्याच्यासाठी या पुस्तकाची सचित्र प्रत तयार झाली. ती आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. लंगोटी लावून आसनात बसलेले जोगी आणि भोवती फारसी मजकूर असं ते पान असतं.

म्हणजे गौस ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणणारे गृहस्थ होते का? मुळीच नव्हते. त्यांचा दावा तर असा होता की आपल्याला सदेह मेराज घडला, आपण आकाशांमधून वर जाऊन ईश्वराच्या सान्निध्यात पोचलो. यापेक्षा ठाम दावा कोणता असू शकतो? गुजरातच्या उलेमांना तो पाखंड वाटला. विद्वान शेख अली मुत्तकी यांनी त्यांच्याविरुद्ध देहदंडाचा फतवा दिला. अहमदाबादचे वजीहुद्दीन अलवी हे त्या काळचे गाढे पंडित. फतव्यावर त्यांच्या संमतीसाठी कागद त्यांच्याकडे गेला.

वजीहुद्दीन यांनी लगेच सही केली नाही. ते आधी गौस यांना जाऊन भेटले. परत आले आणि तो कागद त्यांनी फाडून टाकला. अली मुत्तकी संतापले. त्यांना उत्तर मिळालं ते असं, की आम्ही शब्दांची माणसं आणि शेख अनुभवाचे, आमची समज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पुढे वजीहुद्दीन त्यांचे शिष्य झाले. त्यासाठी त्यांनी आपलं शास्त्र सोडलं नाही, अहमदाबादचा त्यांचा मदरसा चालूच राहिला.

ही हकिकत लिहून ठेवली ती अब्दुल कादिर बदायुनीने. अकबराच्या दरबारातला हा इतिहासकार स्वतः कडक सुन्नी. त्याने आग्र्यात गौस यांना दुरून पाहिलं होतं, भोवती माणसांची ही गर्दी. भेटायला जावं असं त्याच्याही मनात आलं. पण हा शेख हिंदू आला तरी उठून उभा राहतो असं कानावर आलं आणि त्याचं मन उडालं. तो गेला नाही. वजीहुद्दीन आणि बदायुनी दोघेही आपल्या धर्मात पक्के होते, विद्वत्तेतही कोणी कमी नव्हता. एक उठून बघायला गेला आणि दुसरा ऐकीव गोष्टीवर घरी बसला, फरक एवढाच.

या फरकाला विसाव्या शतकात मानसशास्त्राने नाव दिलं. मिल्टन रोकीच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं ‘उघडं आणि बंद मन’ या अर्थाच्या शीर्षकाचं पुस्तक १९६०मध्ये आलं. तोवर हटवादाचा अभ्यास व्हायचा तो मुख्यतः उजव्या विचारांच्या माणसांचा. रोकीच म्हणाला, माणूस काय मानतो ते बाजूला ठेवा, तो ते कसं मानतो ते पाहा. बंद मनाचा धार्मिक असतो, बंद मनाचा नास्तिक असतो आणि बंद मनाचा कम्युनिस्टही. त्याची कसोटी अशी: समोरून एखादी गोष्ट आली की माणूस ती गोष्ट तपासतो, की ती कोणाकडून आली हे तपासतो? गोष्ट आणि सांगणारा यांना वेगळं करता आलं तर मन उघडं. मराठीत यासाठी निराळा शब्द शोधायला नको. ‘कोण म्हणतंय ते सोड, काय म्हणतंय ते ऐक’ हे प्रत्येक घरातल्या आजीने कधी ना कधी सुनावलेलं असतं. तिने ते स्वतः पाळलं का, हा भाग अलाहिदा.

रोकीचचा आणखी एक उद्योग जास्त गाजला. मिशिगनमधल्या इप्सिलँटीच्या मनोरुग्णालयात त्याने स्वतःला ख्रिस्त समजणारे तीन रुग्ण दोन वर्षं एकत्र ठेवले. तिघांची एकमेकांशी गाठ पडली की भ्रम फुटेल अशी त्याची अटकळ होती. तिघांपैकी एकाचाही फुटला नाही. उरलेल्या दोघांचा दावा खोटा कसा, याचं कारण प्रत्येकाने आपापल्या परीने शोधून काढलं. वेडाचा विषय म्हणून हे सोडून देता येईल, पण एखाद्या धर्मसभेचा वृत्तांत वाचताना हे तिघे आठवत नाहीत असं नाही.

ग्वाल्हेरचे मराठे या गोष्टीत येतात ते दुसऱ्याच दाराने. त्यांनी मतांचा खल फारसा केला नाही, त्यांनी नातं जोडलं. त्याला दख्खनची परंपरा होती. वेरुळच्या मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या नवसाने झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, हे सर्वश्रुत आहे. महादजी शिंदे १७६१मध्ये पानिपतावर पायाला जबर जखम होऊन पडले, त्यांचा कित्येक दिवस ठावठिकाणा लागेना. घरची हकिकत अशी सांगतात की त्यांच्या पत्नीने बीडचे सूफी मन्सूर शाह यांच्यापाशी पदर पसरला. महादजी परतले. रणांगणातून त्यांना उचलून बैलावर घालून आणलं ते राणेखान नावाच्या भिश्त्याने. महादजींनी त्याला भाऊ मानलं आणि पुढे फौजेची सरदारी दिली. मन्सूर शाहांना त्यांनी उत्तरेत बोलावलं. ते बीड सोडून आले नाहीत, त्यांनी हबीब शाहांना पाठवलं. त्या दिवसापासून बीडचा एक मुसलमान अवलिया शिंद्यांच्या घराण्याचा गुरू आहे.

म्हणून महादजी आपल्या धर्मात ढिले होते म्हणावं, तर तेही जमत नाही. हा माणूस कृष्णभक्त, मथुरा-वृंदावनात रमणारा, भक्तिपर पदं रचणारा. दिल्लीच्या शाह आलम बादशहाचा सारा कारभार हाती आल्यावर त्यांनी त्याच्याकडून गोवधबंदीचं फर्मान मिळवलं. राजकीय धूर्तपणाही त्यात असेल, महादजी काही भोळे नव्हते. पण गुरू बीडचा आणि फर्मान गाईचं, या दोन्हींत त्यांना विसंगती वाटल्याचं कुठे दिसत नाही. विसंगती आपल्याला वाटते, कारण माणसाने एकाच खणात मावावं अशी आपली अपेक्षा असते.

त्यांच्यामागून दौलतराव आले. त्यांच्या छावणीत १८०९मध्ये टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी राहत होता. त्याने लिहिलेल्या पत्रांत होळी आहे, जन्माष्टमी आहे आणि मोहरमही आहे. मराठ्यांच्या छावणीत ताबूत निघतात आणि हिंदू सरदार त्या दिवसांपुरते फकीर होतात, हे बघून साहेब चकित झाला. ही छावणी पुढे किल्ल्याच्या पायथ्याशी कायमची बसली आणि तिचं नाव लष्कर पडलं. लष्करातल्या गोरखी भागात राजघराण्याचं देवघर आहे आणि त्याच शहरात राजाचा ताबूतही निघत आला. कोल्हापूर-साताऱ्याकडचा वाचक याने चकित होणार नाही, पंजे आणि सवाऱ्या त्याने गावात पाहिलेल्या असतात.

या लष्करातच मराठी घरांनी आणखी एक सोयरीक केली, सुरांची. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ हे शिंद्यांच्या पदरचे गवई. त्यांनी गळ्यातली विद्या ब्राह्मण मुलांना दिली. वासुदेवबुवा जोशी त्यांच्याकडे शिकले. वासुदेवबुवांकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ख्याल महाराष्ट्रात आला. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पलुस्करांची रामभक्ती जगजाहीर, रामनामाशिवाय त्यांची सभा नाही. पण त्या रामनामाला चढलेला सूर कोणाकडून आला याचा त्यांना कधी संकोच वाटला नाही. नत्थू खाँचे पुत्र निसार हुसेन खाँ तर शंकरराव पंडितांच्या घरातच राहिले. त्या घरात त्यांनी शंकररावांना आणि पुढे त्यांचे पुत्र कृष्णराव यांना तालीम दिली.

त्या काळच्या कर्मठ ब्राह्मणाच्या घराची कल्पना करून पाहावी. स्वयंपाकघराचा उंबरा, सोवळं, पाण्याचा वेगळा हंडा. असल्या घरात मुसलमान उस्ताद वर्षानुवर्षं नांदला. हे एखादा मोठा विचार पटल्यामुळे घडलं असेल असं वाटत नाही. बंदिश हवी होती आणि ती उस्तादापाशी होती. सोवळ्याचे नियम एका जागी राहिले, तालमीची बैठक दुसऱ्या जागी, आणि मधली ये-जा दोन्हीकडच्यांनी आपापल्या मर्यादा राखून केली. हजीऱ्याच्या मांडवात बुवा आणि मौलवी करतात तेच.

किल्ल्याच्या कड्यावर मात्र वेगळी गोष्ट कोरलेली आहे. तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह स्वतः वैष्णव-शैव परंपरेतले, पण पंधराव्या शतकात त्यांच्या आश्रयाने जैनांनी अख्खा कडा तीर्थंकरांनी भरून टाकला. सर्वांत उंच आदिनाथ सुमारे ५७ फुटांचा. बाबर १५२८मध्ये किल्ला बघायला आला, मानसिंहाच्या महालाचं त्याने बारकाईने वर्णन केलं, आणि उरवाईच्या घळीतल्या या नग्न मूर्ती पाहून त्या फोडण्याचा हुकूम दिला. हे त्याने स्वतःच्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवलंय. एवढे डोंगर फोडणं शक्य नव्हतं, तेव्हा बहुतेकांचे चेहरे फोडले गेले. कितीकांना जैनांनी नंतर चुन्याचे चेहरे बसवले. जवळून पाहिलं की मानेपाशी दगड संपून चुना कुठे लागतो ती रेघ दिसते.

ज्यांच्या मूर्ती फुटल्या त्यांच्या तत्त्वज्ञानात या लेखाच्या विषयावर सर्वांत बारीक विचार झालेला आहे, हा योगायोग म्हणायचा. जैनांचा अनेकांतवाद शाळेत हत्ती आणि आंधळे या गोष्टीपुरता उरतो आणि मग तो ‘सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर’ असा गुळमुळीत होतो. मुळात तो तसा नाही. पूर्ण ज्ञान असतं, यावर जैनांचा ठाम विश्वास आहे. ते केवलज्ञान, आणि ते तीर्थंकराला असतं. बाकीच्यांनी बोलताना आधी ‘स्यात्’ म्हणायचं, म्हणजे ‘एका अंगाने पाहता’. सत्याबद्दल शंका नाही, शंका आहे ती आपल्या नजरेबद्दल. खात्री कुठे ठेवायची आणि नम्रता कुठे, याची इतकी चोख वाटणी दुसरीकडे क्वचितच सापडेल. एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ या भारुडात ती नाट्यातून केली. दोघं कडाकडा भांडतात, एकमेकांच्या आचारातली व्यंगं काढतात आणि शेवटी एकमेकांना मिठी मारतात. भांडण टाळून मिठी मारली असती तर ते भारूड झालं नसतं.

इथवर वाचून ग्वाल्हेरला पुण्यनगरीचं प्रमाणपत्र द्यावंसं वाटेल. ते देता येत नाही. तानसेनचा उरूस, म्हणजेच आजचा समारोह, १९२४मध्ये माधवराव शिंद्यांच्या राजवटीत राज्याच्या इतमामात सुरू झाला. त्याला चोवीस वर्षं होत असताना, २८ जानेवारी १९४८ला नथुराम गोडसे आणि नारायण आपटे लष्करातल्या डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या घरी होते. परचुरे हिंदू महासभेचे स्थानिक पुढारी. गांधीजींवर ज्यातून गोळ्या सुटल्या ते बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरात मिळालं. खटल्यात परचुऱ्यांना जन्मठेप झाली आणि १९४९मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, हेही नोंदवायला हवं. अलीकडे, नोव्हेंबर २०१७मध्ये, हिंदू महासभेने ग्वाल्हेरच्या आपल्या कार्यालयात गोडसेचा पुतळा बसवला आणि प्रशासनाने तो काढून नेला.

हे सगळं त्याच गल्ल्यांतलं. हरिकथा ऐकणाऱ्या, ताबूत पाहणाऱ्या, खाँसाहेबांची बंदिश गाणाऱ्या मराठी वस्तीतलं. मग त्या रिवाजांचा उपयोग काय झाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. ग्वाल्हेरची उदारता वागण्यातली होती. ती वडिलांनी केली म्हणून मुलाने केली, महाराज करतात म्हणून प्रजेने केली. ती कोणाला मत बदलायला सांगत नव्हती, म्हणूनच कर्मठांच्या घरातही टिकली. आणि मत तपासायलाही सांगत नव्हती, म्हणून १९४८च्या वाऱ्यात ती कोणाला अडवू शकली नाही. वजीहुद्दीन यांच्या हातात ऐन वेळी कागद आला तेव्हा ते रिवाजावर विसंबले नाहीत, उठून गेले. असं उठून जाणं वारसाहक्काने मिळत नाही.

तरीही रिवाज फुकाचा म्हणवत नाही. तो निदान दार लोटलेलं ठेवतो, कडी घालत नाही. तानसेन हिंदू राहिला की मुसलमान झाला यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. त्याला स्वामी हरिदासांचा शिष्य म्हणणारे आहेत आणि गौस यांचा म्हणणारेही. पण ग्वाल्हेरच्या मांडवात हा वाद कधी निकालात काढावा लागला नाही. हरिकथाही होते, मीलादही होतो. शंभरावा समारोह २०२४च्या डिसेंबरात झाला. गवई आजही मजारीशेजारच्या चिंचेचं पान तोंडात टाकतात. आवाज सुधारतो म्हणे. हे झाड तानसेनच्या काळचं नव्हे, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

गोरखीच्या देवघरात बाबा मन्सूर शाहांचा उरूस दर वर्षी होतो. भोवती देव्हारा, समया, मराठी सरंजाम, आणि मधोमध बीडच्या अवलियाची गादी. तिच्यावर फुलं वाहिलेली असतात. घराण्याचा कर्ता पुरुष पारंपरिक मराठी पोशाखात समोर उभा राहतो. गादीवरून एखादं फूल आपोआप खाली पडेल, तो बाबांचा कौल आणि आशीर्वाद. कधी पडेल ते ठरलेलं नाही. कोणी हात लावायचा नाही, घाई करायची नाही. सरदारांचे वंशज, पुजारी, पाहुणे, सगळे गादीकडे डोळे लावून उभे असतात. बाहेर महाराज बाड्याच्या चौकात टमटमवाल्यांचे भोंगे चालू असतात.